खडकातील पोकळी आणि पाण्याची वाट

खडक भरीव असतो, ही समजूत व्यवहारात पक्की रुजलेली असली, तरी भूशास्त्राला जवळजवळ प्रत्येक खडकात काही ना काही रिकामी जागा आढळते, आणि त्या खडकातून पाणी, तेल किंवा वायू यांपैकी काय व किती मिळेल हे त्या रिकाम्या जागेच्या घडणीवर ठरते. ही जागा दोन प्रकारची असते: खडकाच्या कणांमध्ये किंवा पोटात राहिलेली बारीक छिद्रे हा एक प्रकार, आणि खडक घट्ट झाल्यावर त्याला पडलेल्या भेगा हा दुसरा. एकूण आकारमानापैकी किती भाग रिकामा आहे, याच्या मोजमापाला सच्छिद्रता म्हणतात. त्या रिकाम्या जागेतून द्रव किंवा वायू किती सहज वाहू शकतो, याच्या मोजमापाला पार्यता म्हणतात. या दोन गुणांची गल्लत केल्यामुळे जितका पैसा आणि जितके श्रम मातीत गेले आहेत, तितके भूशास्त्रातील दुसऱ्या कोणत्याही गैरसमजामुळे क्वचितच गेले असतील. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले वेळापूर आणि त्याच्या आसपासची शेतजमीन हा भेद समजून घेण्यासाठी योग्य प्रदेश आहे, कारण तेथे खडकाची पोकळी हा विषय प्रयोगशाळेतला नसून दर उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उभा राहणारा आहे.

वेळापूरची ओळख सामान्यतः दोन गोष्टींमुळे असते. यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख जपणारे अर्धनारी नटेश्वराचे मंदिर ही एक, आणि आळंदीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा माळशिरसनंतरचा मुक्काम ही दुसरी. मंदिराचा काळा दगड आणि वारकऱ्यांच्या पायाखालची काळी माती ही दोन्ही एकाच खडकाची रूपे आहेत. हा खडक म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या या थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. महाराष्ट्राच्या भूमीपैकी चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाने व्यापलेला असल्यामुळे वेळापूरच्या विहिरीविषयी जे खरे आहे, ते थोड्याफार फरकाने राज्यातील लाखो विहिरींविषयीही खरे ठरते.

खडकातील पोकळीचा अभ्यास गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या बारकाईने झाला, त्याचे मोठे श्रेय मात्र एका अगदी वेगळ्या खडकाकडे जाते. समुद्राच्या किंवा सरोवराच्या शांत तळाशी साचलेला चिखल, त्यात मिसळलेले सूक्ष्मजीवांचे व वनस्पतींचे अवशेष, आणि वर साचत गेलेल्या गाळाचा कोट्यवधी वर्षांचा दाब यांतून पानापानांनी सुटणारा जो खडक तयार होतो, त्याला शेल म्हणतात. त्यातील सेंद्रिय द्रव्य, म्हणजे केरोजेन, पुरेसे तापले की त्याचे तेल व वायू होतात आणि त्यातील बराचसा वायू खडकातच अडकून राहतो. काही वायू छिद्रांत मोकळा असतो, काही छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो, ज्याला पृष्ठशोषण म्हणतात, आणि थोडा सेंद्रिय द्रव्यात विरघळलेला असतो. ही छिद्रे नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे सूक्ष्म, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती स्थूल मानली जातात. मिथेनच्या रेणूचा व्यास ०.३८ नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे सर्वांत लहान छिद्रांत हे रेणू जवळजवळ एका रांगेतच मावतात.

अशी छिद्रे साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. खडकाचा पृष्ठभाग आर्गॉन वायूच्या आयनांच्या झोताने घासून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे चित्र घ्यावे लागते; दाबाखाली पारा आत घुसवून किंवा अतिथंड तापमानाला नायट्रोजन शोषवून छिद्रांचे आकारमान ताडावे लागते. टेक्सासमधील बार्नेट शेलची अशी चित्रे २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बरीचशी छिद्रे खनिजकणांच्या मध्ये नसून केरोजेनच्या कणांच्या आतच स्पंजासारखी पसरलेली आहेत, हे लक्षात आले. म्हणजे ज्या द्रव्यातून वायू निर्माण झाला त्यानेच वायूला घर दिले, आणि घर दिले तरी बाहेर पडण्याची वाट दिली नाही. शेलची पार्यता इतकी कमी असते की साध्या वेधाने तेथून वायू स्वतःहून येत नाही. म्हणून आडव्या वेधछिद्रातून प्रचंड दाबाने पाणी घुसवून खडक फोडतात आणि पडलेल्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. बार्नेटमधील नैसर्गिक भेगा बहुतांशी कॅल्साइटने भरून बंद झालेल्या असतात, परंतु हा दाब पडला की जुन्या सांध्याच्या रेषेवरच त्या पुन्हा उघडतात. बेसाल्टकडे वळल्यावर या शेवटच्या तपशिलाची आठवण ठेवणे उपयोगी ठरते.

भारतात दुर्गापूरजवळच्या दामोदर खोऱ्यात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने जानेवारी २०११ मध्ये सुमारे १७०० मीटर खोलीवरील शेलमधून वायू मिळवला, आणि २०१३ साली केंद्र सरकारने या वायूविषयी धोरणही जाहीर केले. महाराष्ट्रात सेंद्रिय द्रव्य असलेले शेल सापडतात ते प्रामुख्याने चंद्रपूर-यवतमाळकडच्या, वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांबरोबर. सोलापूरच्या बेसाल्टखाली तसे काही दडलेले असेल, ही अपेक्षा बाळगण्यास आधार नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या संशोधन-वेधात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर आणि लगेच प्राचीन नाइस खडक लागला. कोयनेच्या परिसरात बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या घरात भरली, पण त्याखालीही ग्रॅनाइट-नाइसच होते. वेळापूर या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे.

मग या प्रदेशाच्या खडकाची पोकळी कशी आहे? लाव्ह्यात वायू विरघळलेला असतो आणि दाब कमी झाल्यावर तो बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकतो. पृष्ठभाग आधी थिजत असल्यामुळे वर आलेले बुडबुडे तेथेच अडकतात. प्रत्येक लाव्हाथराचा वरचा भाग त्यामुळे छिद्रमय, मधला भाग घट्ट आणि तळाचा भाग नळीसारख्या उभ्या छिद्रांचा, अशी ढोबळ रचना तयार होते. म्हणजे शेलप्रमाणे येथेही मूळ छिद्रे वायूनेच पाडली. फरक असा की तो वायू केव्हाच उडून गेला, आणि छिद्रे नॅनोमीटरची नसून मोहरीपासून सुपारीएवढी, कधी त्याहून मोठीही असतात. डोळ्यांना दिसणारी ही छिद्रे पाहून असा खडक पाण्याने तुडुंब भरलेला असणार असे वाटते, परंतु दोन गोष्टी आड येतात. पहिली ही की बुडबुडे एकमेकांपासून सुटे असतात. भाकरीच्या पापुद्र्यावरच्या फुग्यांप्रमाणे प्रत्येकाला स्वतःची भिंत असते. दुसरी ही की लाव्हा थंड झाल्यानंतर त्यातून फिरलेल्या गरम, खनिजयुक्त पाण्याने ही छिद्रे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या झिओलाइट खनिजांनी, कॅल्साइटने आणि सिलिकाने भरून टाकली. अशा बदामाच्या आकाराच्या भरलेल्या छिद्रांचा खडक विहीर खोदणाऱ्यांच्या बोलीत मांजऱ्या म्हणून ओळखला जातो, आणि त्यातून सुटून रानात विखुरलेले पांढरे खडे गारगोटी म्हणून. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असते. खनिजसंग्राहकाला जे सौंदर्य वाटते ते भूजलाच्या दृष्टीने बुजलेले दार आहे.

पाणी मिळते ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या पोकळीतून, म्हणजे भेगांतून. लाव्हा थंड होताना आकसतो आणि सुकणाऱ्या चिखलाप्रमाणे तडकतो. घट्ट मधल्या भागात या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात, म्हणजे सपाट थरात उभ्या पडतात आणि खडकाचे खांब तयार होतात. मुंबईतील अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे त्याचे ठळक उदाहरण. थराच्या वरच्या छिद्रमय भागात, विशेषतः जेथे झीज पोहोचली आहे तेथे, आडव्या, पत्र्यावर पत्रा ठेवल्यासारख्या भेगा दिसतात. या आडव्या भेगांनी सुटे बुडबुडे आणि उभे तडे एकमेकांशी जोडले जातात, आणि मांजऱ्या खडकाचे भूजलधारकात रूपांतर होते. पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील देवळाणकर यांनी १९८० साली, आणि नंतर हिमांशू कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दख्खनच्या भूजलाची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: सलग पसरलेला जलसाठा येथे नसून लाव्हाथरांच्या जोड्यांत व भेगांच्या जाळ्यांत विभागलेले, लहान लहान साठे आहेत. दोन थरांमध्ये अनेकदा लाल, भाजलेल्या मातीसारखा गेरूचा पट्टा असतो, तो पाण्याला बहुधा अडवतो. वरचा साठा आणि खालचा साठा त्यामुळे वेगळे राहतात.

भेगेच्या रुंदीचा प्रवाहावर होणारा परिणाम प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटतो. समांतर भिंतींच्या भेगेतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण रुंदीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह आठपट होतो. एका खडकात १ मिलिमीटर रुंदीची एकच भेग आहे आणि दुसऱ्यात ०.१ मिलिमीटरच्या दहा भेगा आहेत, असे मानले तर दोघांची सच्छिद्रता सारखीच भरेल. परंतु पहिल्यातून दुसऱ्याच्या शंभरपट पाणी वाहील. खोल जावे तसा वरच्या खडकाचा भार वाढतो, झिजेचा प्रभाव संपतो, भेगा आवळल्या जातात, आणि या घनाच्या नियमामुळे रुंदीतील किरकोळ घटही प्रवाहाचा घात करते. खोल गेले की पाणी लागतेच, हा समज जेथे वाळू-गाळाचे जाड थर आहेत तेथून उचललेला आहे. बेसाल्टमध्ये खोली वाढवणे म्हणजे बहुतेक वेळा अधिकाधिक मिटलेल्या खडकात पैसे ओतणे असते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली, त्यामागे साठा वाचवण्याच्या हेतूइतकाच खडकाचा हा स्वभावही आहे. तरीही दुष्काळी वर्षात बोअरची गाडी शेतात उभी राहते तेव्हा फुटांचा आकडा वाढतच जातो, आणि त्या आकड्यामागे कोणाचा तरी दागिना किंवा कर्ज असते.

जुन्या विहिरीला पाणी असताना तिच्या शेजारीच घेतलेले बोअर कोरडे का जाते, या प्रश्नाचे उत्तरही भेगांच्या भूमितीत आहे. उभे तडे एकमेकांपासून २ मीटर अंतरावर आहेत असे धरले, तर ६ मीटर व्यासाची विहीर त्यांतील तिघांना हमखास छेदते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरने एखादा तडा गाठण्याची शक्यता शंभरात जेमतेम सात-आठ इतकीच राहते. आडवी भेग दोघांनाही सापडते, परंतु विहिरीच्या सुमारे १९ मीटरच्या घेरातून येणारा पाझर आणि बोअरच्या अर्ध्या मीटरहूनही कमी घेरातून येणारा पाझर यांची तुलना होऊ शकत नाही. शेतकरी विहिरीच्या तळाजवळ आडवे बोअर मारतात, ती युक्ती म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे: उभे तडे आडव्या छिद्रालाच सापडणार. पाणाड्याच्या हातातील नारळ उभा राहण्याला भूशास्त्रात आधार नाही. पण जेथे उथळ आडव्या भेगा सर्वदूर पसरलेल्या असतात तेथे पावसाळ्यानंतर कोणतीही जागा दाखवली तरी थोडे पाणी लागते, आणि त्या थोड्या पाण्यावर पाणाड्याची ख्याती टिकते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली, आणि पिण्याच्या पाण्याच्या टंचाईवर तिने वापरलेल्या तंत्रांपैकी एकाचे नाव जलभंजन आहे. कमी पाणी देणाऱ्या विंधण विहिरीत रबरी अडसर उतरवून तिचा ठरावीक भाग बंद करायचा आणि खाली दाबाने पाणी भरून भेगांतील चिकणमाती व भर ढकलून काढायची, बंद सांधे उघडायचे, जवळची पण न छेदलेली भेग बोअरला जोडून द्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. टेक्सासच्या शेलमध्ये जे घडते त्याचेच हे धाकटे, वाळूशिवायचे रूप. तेथे कॅल्साइटने मिटलेला सांधा उघडतो, येथे चिकणमातीने आणि झिओलाइटने मिटलेला. परंतु तुलना येथे थांबवावी लागते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माहितीनुसार शेलच्या एका विहिरीच्या भंजनाला सुमारे ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते, आणि मिळणारा वायू कोट्यवधी वर्षांत एकदाच भरलेल्या भांडारातला असतो. हातपंपाच्या बोअरला लागणारे पाणी टँकरवर येते, आणि उघडलेल्या भेगेतून मिळणारे पाणी मागच्या पावसाचे असते. भंजनाने पाणी निर्माण होत नाही, त्याची वाट मोकळी होते. ज्या शेजारच्या भेगेतून ते आले ती भेग बहुधा आणखी कोणाच्या तरी विहिरीला पुरवठा करत होती.

या यंत्रणेने याच्या नेमके उलटे तंत्रही वापरले आहे. पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला नाल्याच्या पात्रात बोअरची रांग घेऊन त्यांतून सिमेंट भरायचे, भेगा बुजवायच्या आणि भूमिगत पाणी खाली निघून जाणे अडवायचे, असे ते तंत्र आहे. एकाच खडकात एका ठिकाणी भेग फोडावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी बुजवावी लागते, यावरून भेग ही स्वतः चांगली किंवा वाईट नसून ती कोणत्या जागी कोणाला जोडते हे महत्त्वाचे ठरते. गेरूचा पट्टा भेदून गेलेले, वरच्या भागात पुरेसे केसिंग नसलेले खोल बोअर अनेकदा नको तीच जोडणी करते, आणि वरच्या थरातील पाणी खालच्या रित्या थरात उतरून जाते. मालकाला पाणी लागल्याचा आनंद होतो तेव्हा शेजारच्या जुन्या विहिरीची पातळी हटलेली असते.

साठा किती, याचा हिशेब करणे अवघड नाही, आणि तो प्रत्येक गावाने करावा इतका सोपा आहे. भूजल मोजणीच्या राष्ट्रीय निकषांनुसार झिजलेल्या, छिद्रमय व सांध्यांच्या बेसाल्टमधून गुरुत्वाने निथळून मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के, सामान्यतः २ टक्के धरतात. वाळूमय गाळात हेच प्रमाण १२ ते २० टक्के असते. म्हणजे १ हेक्टर क्षेत्राखालच्या १ मीटर जाड खडकात घेता येण्याजोगे पाणी सुमारे २ लाख लिटर. वेळापूरचा परिसर वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा. त्यातील ७ ते १३ टक्के पाणी बेसाल्टमध्ये मुरते, असे हेच निकष सांगतात. ५०० मिलिमीटरचे ३५ ते ६५ मिलिमीटर झाले, आणि २ टक्के पोकळीच्या खडकात तेवढ्याने पातळी पावणेदोन ते सव्वातीन मीटर वर चढते. विहिरीत चढलेले ते पाणी पाहून श्रीमंती वाटते, परंतु पातळी झरझर चढण्याचे कारण पाण्याची विपुलता नसून जागेचा तुटवडा आहे. जी जागा लवकर भरते ती लवकर रिकामीही होते. उसाच्या पिकाला हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. त्यातील २००० मिलिमीटर केवळ खडकातून उपसायचे म्हटले, तर तेवढ्याच क्षेत्राखालचा १०० मीटर जाडीचा असा खडक रिता करावा लागेल, आणि तेवढ्या खोलीपर्यंत अशी पोकळी नसतेच.

माळशिरस तालुक्याच्या मोठ्या भागात ऊस उभा राहतो तो नीरा उजव्या कालव्यामुळे. कालव्याच्या आणि पाटांच्या पाझराने विहिरी वरून भरत राहतात. एका खोऱ्याच्या डोंगरमाथ्यावरचा पाऊस अशा रीतीने कोरड्या पठाराच्या भेगांत उतरतो. नीरा खोऱ्यात अति पाणी दिलेल्या सखल जमिनी पाणथळ व चोपण झाल्याचा जुना अनुभव आहे, आणि त्याचेही मूळ तेच: ज्या खडकाच्या भेगा कमी व अरुंद, तो पाणी जसे कमी देतो तसे निचराही कमी करतो. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कोरडवाहू रानांना मात्र खडकातील २ टक्क्यांवरच भागवावे लागते. तालुक्याच्या सरासरीत ही दोन्ही राने एकमेकांत मिसळून जातात आणि कोणाचेही चित्र खरे उमटत नाही.

बेसाल्टच्या पोकळीत पाण्याखेरीज काही राहूच शकत नाही, असेही नाही. गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पाद्रा क्षेत्रात दख्खन ट्रॅपच्या झिजलेल्या व तडकलेल्या खडकातून खनिज तेल काढले जाते. ते तेल बेसाल्टमध्ये निर्माण झालेले नाही. खंबातच्या खोऱ्यातील गाळाच्या खडकांत, शेलमध्ये, तयार होऊन ते शेजारच्या भेगांत शिरले. ज्या भेगांची घडण वेळापुरात पाण्याच्या हिशेबासाठी अभ्यासावी लागते, तीच तेथे तेलाच्या हिशेबासाठी अभ्यासली जाते.

वेळापूरच्या खडकाची ही घडण वाचण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. एखाद्या जुन्या, बांधीव कठडा फक्त वरच्या मुरमापुरताच असलेल्या विहिरीत उन्हाळ्यात उतरून पाहिले, तर वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, मग गारगोट्यांनी ठिपकलेला मांजऱ्या आणि तळाशी घट्ट काळा पाषाण हा क्रम भिंतीवर उघडा दिसतो. काळ्या मातीतही वैशाखात हातभर खोल भेगा पडतात. वळवाचे पाणी त्यांतून थेट मुरमापर्यंत जाते, आणि माती फुगून त्या मिटल्या की पुढच्या पावसाला ती वाट उरत नाही. मांजऱ्यात ओलसर आडवी रेघ दिसते ती आडवी भेग, आणि पाणी तिच्या खाली गेले की विहिरीची आवक अचानक तुटते, पंप तासाभरात हवा ओढू लागतो. पालखी आषाढात मुक्कामाला येते तेव्हा साधारणपणे ती भेग पुन्हा भरू लागलेली असते. तिच्या खालच्या पाषाणावर क्षारांच्या पांढऱ्या रेषा एकाखाली एक उमटलेल्या असतात, आणि प्रत्येक रेषा कोणत्या तरी कोरड्या वर्षी पाणी जेथे थांबले होते ती जागा दाखवते.